दोन मिनिटांचं मौन

तुम्ही हसाल, पण गणितात पीएचडी असून मला एकदा एकशेवीसपर्यंत मोजता आलं नाही. रायपुरातल्या आपल्या मराठी मंडळींनी शहीद जवानांसाठी कार्यक्रम ठेवला होता. सगळ्यांना दोन मिनिटं मौन पाळायला सांगायचं आणि मग बसवायचं, एवढंच माझ्याकडे काम होतं. पहिल्या रांगेत गुढियारी मोहल्ल्यातल्या शांताबाई होत्या. त्यांचा मुलगा सीमेवर शहीद झालेला. त्यांच्यासमोर घड्याळ बघणं बरं दिसणार नाही, म्हणून मी मनातच मोजू लागलो. साठला शंका आली, आपण घाईत तर नाही मोजलं? पुन्हा एकपासून सुरू केलं. नव्वदला तीच शंका. पुन्हा एक.

शेवटी मंडळाचे सेक्रेटरी कानाशी आले. "सर, सात मिनिटं झाले! काहून उभं ठेवलं सगळ्यायले? पोहे थंडे होऊन राहिले."

मी घाबरून "बसा" म्हणालो आणि कार्यक्रम संपताच शांताबाईंना गाठलं.

"माफ करा बाई, मोजण्यात चुकलो."

"माफी कायची, सर? दरवर्षी पोट्ट्याचा चेहरा डोळ्यासमोर येऊनच राहिला असते, तेवढ्यात हे लोक 'धन्यवाद' म्हणून बसवून टाकतात. आज त्याच्याशी नीट बोलणं झालं माझं."

मग त्या सेक्रेटरींकडे वळल्या. "भैया, पुढच्या साली बी सरायलेच सांगा. तुम्हाले बसायची भलती घाई असते."