माझा आवाज पुढच्या सिग्नलपर्यंत

...आता तुम्ही म्हणाल, सीबी रेडिओ हवाच कशाला, फोन आहेत की सगळ्यांकडे! तेच तर सांगतोय. अहो, आम्ही निघणार होतो टेक्ससमधल्या आमच्या फ्रिस्कोहून बिग बेंडच्या नॅशनल पार्कला, सात गाड्या, सात कुटुंबं, आणि तिकडे पोचायच्या आधीच फोनची रेंज राम म्हणते. मग एकमेकांना सांगायचं कसं, वळा, थांबा, गॅस भरा, पोराला शू लागलीय? म्हणून मीच सुचवलं की प्रत्येक गाडीत सीबी बसवू या, ट्रकवाले लावतात ना, तो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. आणि नवा कोरा पिकअप ट्रक माझा, तेव्हा सगळ्यांत पुढे मी. सगळे हो म्हणाले! तुम्हाला सांगतो, आमच्या ग्रुपमध्ये सगळे हो म्हणाल्याचा तो पहिलाच प्रसंग. मला भरून आलं हो.

आणि नेमकी माझ्याच रेडिओला रेंज नाही.

बाकीच्यांचे ठणठणीत! माझा आपला पुढच्या सिग्नलपर्यंत, तोही सिग्नल लाल असेल तर. आमचा अरुण... अरुण म्हणजे शांत माणूस, इतका शांत की समोरच्याचं डोकं फिरावं... तो उभा इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, मी रस्त्यापलीकडे. मी बटण दाबून म्हणतोय, "अरुण, येतोय का आवाज?" तर हा फोन करतो. फोन! "देवदत्त, आवाज येत नाहीये." मी ट्रकमधून उतरलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडलो, "आता?" तर फोनवर म्हणतो, "हां, आता छान येतोय. काय केलंस?"

काय केलं! घसा फोडला!

वर पुन्हा हळूच म्हणतो, "नाहीच जमलं शनिवारपर्यंत तर मी राहतो पुढे. तू ये मागनं, आरामात." आरामात? रूट मी आखला, हॉटेलं मी बुक केली, दशम्या कुठे सोडायच्या तेसुद्धा मी ठरवलं, आणि मी मागनं? आता हा प्रश्न रेडिओचा राहिला का, तुम्हीच सांगा.

मग काय, लागलो कामाला. आपण इंजिनिअर माणूस, आधी केबल बदलली... आवाज येत नाहीये. म्हटलं, सेट खराब असेल, सेट बदलला... आवाज येत नाहीये. लांब अँटेना आणली, ती गॅरेजच्या दाराला अशी तडाखून लागली की शेजारची बाई बाहेर येऊन म्हणाली, "आर यू ओके, डेव्ह?" म्हटलं ओके. आणि आवाज? येत नाहीये! ऑनलाइन एक मीटर मिळतो, अँटेना नीट लागलीय की नाही ते दाखवतो. तो लावला, तर काटा थेट तांबड्यात जाऊन बसला, हलायलाच तयार नाही.

शेवटी सुवर्णा, म्हणजे आमची ही, चहा घेऊन बाहेर आली. चहा माझ्या हातात दिला, अँटेनाच्या बुडाशी वाकली आणि म्हणाली, "अहो, हे आपल्या डायनिंग टेबलाचं कव्हर ना?"

म्हटलं, "त्याचा तुकडा आहे."

"तो इथे काय करतोय?"

"ओरखडा पडू नये म्हणून! नवी गाडी आहे!"

हसू नका. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकमध्ये आहे, सोफ्यावर चादर आहे आणि त्या चादरीवर आणखी एक चादर आहे. नव्या वस्तूला जपायचं, हे आईच्या दुधातून आलंय. मी अँटेनाच्या क्लॅम्पखाली प्लास्टिक घातलं, स्क्रूला रबराचे वॉशर घातले, अगदी बाळाला झबलं घालावं तसं.

तेवढ्यात आमची हिमानी फोनवर वाचत म्हणते, "बाबा, इट सेज बेअर मेटल. यू हॅव टू स्क्रेप द पेंट."

स्क्रेप? पेंट? म्हणजे अँटेनाचा पाया गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकलाच पाहिजे, नाहीतर आवाज बाहेर पडणार नाही. मी म्हटलं, दुसरा काही उपाय? सुवर्णा म्हणाली, "आहे ना. अरुणभावजींच्या मागे जाऊ."

आणा तो पॉलिश पेपर!

तुम्हाला सांगतो, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नव्या गाडीचा रंग खरवडला मी. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. सुवर्णा पाठीवर हात फिरवत होती, हिमानी व्हिडिओ काढत होती. पण पत्रा चमकला, क्लॅम्प आवळला, आणि मीटरचा काटा काय सुरेख खाली आला! अरुणला पार हायवेच्या पलीकडे पिटाळला. "येतोय का आवाज?" तर रेडिओवर, बरं का, रेडिओवर म्हणाला, "येतोय की! मांडीला मांडी लावून बसल्यासारखा."

शनिवारी निघालो. पुढे मी! मागे सहा गाड्या! मी बटण दाबलं, घसा साफ केला, "मंडळी, पुढच्या एक्झिटला चहा." झालं. सहाही जणांनी एकदम बटणं दाबली. सीबीवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, नाहीतर नुसती शिट्टी वाजते. आता आपल्या माणसांना एका वेळी एकानं बोलायची सवय आहे का? शिट्टी थांबली की एक म्हणतो, "तिथे नको, रेस्टरूम घाण आहे." शिट्टी. दुसरी म्हणते, "भावजी, डाव्या लेनमध्ये या हो." शिट्टी. "एसी बंद करा, ट्रक जास्त पितो." आणि अरुण, शांतपणे, "देवदत्त, इंडिकेटर चालू राहिलाय तुझा."

मी म्हणतोय, "अहो, माझं ऐका!" तर सगळे म्हणतात, "ऐकतोय ना, आवाज एकदम क्लिअर आहे... हां, तर तू आता असं कर..."

बिग बेंडपर्यंत सगळ्यांत पुढे मीच होतो हो. ट्रक तेवढा मागचे सहा जण चालवत होते.