घोडेस्वाराचा तारा

काय सांगू, त्या लाल लिलीनं माझी पार शोभा केली. वडीगोद्रीच्या नर्सरीवाल्यानं तिचा कांदा देताना सांगितलं होतं, "साहेब, बागवाले हिला हिप्पिअ‍ॅस्ट्रम म्हणतात. म्हणजे घोडेस्वाराचा तारा." मी ते पाठच केलं. कुंडीत फूल आलं, तर जो तो म्हणून राह्यला, "लिली छान फुलली."

"लिली न्हाई हो ती," म्हणत मी प्रत्येकाला थांबवायचो आणि अर्थासकट नाव सांगायचो.

शेवटी बायको वैतागली. "तुमच्या भ्यानं दूधवाला चालत्या गाडीवरून पिशवी फेकून जातोय."

"मंग, लोकांना बराबर नाव नको का कळायला?"

"थांबा. मीच कळवते."

चैत्राच्या हळदीकुंकवाला आमच्याकडं गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका जमल्या. शेजारच्या वहिनींनी तिला उखाणा घ्यायला लावला. मी आतल्या खोलीत कान देऊन बसलेलो. ती म्हणाली,

"हिप्पिअ‍ॅस्ट्रम म्हणजे घोडेस्वाराचा तारा,
दिगंबररावांना स्कूटी येईना, मीच नेते बाजारा."

फुलाला अख्खी गल्ली अजून लिलीच म्हणते. घोडेस्वार मला म्हणतात.