धाकट्याच्या नावाचं रक्त

वकीलबाई: पुन्हा एकदा. मी न्यायाधीश. "तुमच्यावर आरोप असा आहे की, सख्ख्या धाकट्या भावाचं ओळखपत्र वापरून, आपण तोच असल्याची बतावणी करून, तुम्ही रक्तपेढीत सात वेळा रक्त दिलंत. गुन्हा कबूल आहे?"

निरीक्षक: सात बरोबर आहे.

वकीलबाई: काका.

निरीक्षक: आकडा बरोबर आहे, एवढंच म्हणालो.

वकीलबाई: उद्या अकरा वाजता तुम्हाला फक्त दोन शब्द बोलायचेत. "कबूल नाही." तिसरा शब्द तोंडातून निघाला की तो सरकारी वकिलाच्या खिशात गेला. अर्धा तास झाला आपण दोन शब्दांची तालीम करतोय.

निरीक्षक: तेवीस मिनिटं. पण मॅडम, ते खोटं बोलणं होईल हो. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो मी. दोन ग्रॅमने चुकणारा काटा जप्त केलाय. आणि आता कोर्टात उभं राहून धडधडीत...

वकीलबाई: एक सांगा. एखादा दुकानदार आपण होऊन म्हणाला, "साहेब, माझा काटा खोटा आहे," तर तुम्ही काय करायचात?

निरीक्षक: वजन टाकून बघायचो.

वकीलबाई: कशाला? तो स्वतःच सांगतोय की.

निरीक्षक: तो काय, घाबरूनही सांगेल. एकाचा काटा अगदी चोख होता, दुकानच उतारावर होतं. पुठ्ठ्याची घडी करून खाली सरकवली, झालं काम. माणूस मात्र रडायच्या बेतात आला होता.

वकीलबाई: मग "कबूल नाही"चा अर्थ तेवढाच. वजन टाकून बघा. मी केलं नाही, असं तुम्ही म्हणतच नाही. तुम्ही म्हणता, आरोप सरकारने केलाय, तर सिद्धही सरकारनेच करावा. मापं त्यांची, मेहनत त्यांची. आपण बसून बघायचं.

निरीक्षक: असं आहे होय. मग हे तिथे थोडक्यात समजावून सांगू का?

वकीलबाई: नाही. दोन शब्द.

निरीक्षक: बरं. पण तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, मी खरंच केलं का म्हणून.

वकीलबाई: विचारणारही नाही. मी विचारते, त्यांच्या हातात काय आहे. हे बघा आरोपपत्र. कॅमेऱ्याचं चित्रण. त्यात एक टोपीवाला, मिशीवाला माणूस, तुमच्या घराण्याचं नाक असलेला. ते नाक तुम्हा दोघा भावांना सारखंच आहे, तेव्हा ते चित्रण मला फारसं छळणार नाही. सात फॉर्म, त्यावर सह्या. त्या भावाच्या सहीसारख्या आहेत. तज्ज्ञ म्हणतो, "निश्चित सांगता येत नाही." मला हा तज्ज्ञ फार आवडलाय. शिवाय तुमच्या घरातून जप्त केलेल्या वस्तू. बिस्किटांचा पुडा एक, अर्धा खाल्लेला. रक्ताच्या थेंबाच्या आकाराच्या कीचेन चार.

निरीक्षक: सात मिळाल्या होत्या. तीन शेजाऱ्यांना दिल्या.

वकीलबाई: चार सापडल्यात. चारच राहू द्या. मिशी तुम्हाला पहिल्यापासून आहे ना?

निरीक्षक: छे. ओळखपत्रावरच्या फोटोत धाकट्याला आहे, म्हणून वाढवली. सात आठवडे लागले. खरं तर आठवा आठवडा...

वकीलबाई: हे मी ऐकलं नाही.

निरीक्षक: आठवा धरला नाही, कारण त्यात ती नुसती कोरण्यात...

वकीलबाई: काका, मी अजूनही ऐकत नाहीये. ओळखपत्र तुमच्याकडे आलं कसं, ते सांगा. पोलीस म्हणतात चोरलंत.

निरीक्षक: चोरतोय कशाला? त्याचे सगळे फॉर्म जन्मभर मीच भरत आलोय. शाळेत लावायचा फॉर्मसुद्धा मीच भरलाय त्याचा. असाच एक भरायला म्हणून कार्ड देऊन गेला आणि परत न्यायचं विसरला. माझ्या नोंदवहीत तारीख आहे.

वकीलबाई: नोंदवही?

निरीक्षक: रक्तदानाची. तारीख, वेळ, वजन, हिमोग्लोबिन. सातही वेळचं.

वकीलबाई: पोलिसांनी नेली?

निरीक्षक: त्यांनी मागितली नाही.

वकीलबाई: मीही मागितलेली नाही.

निरीक्षक: जाळून टाकू?

वकीलबाई: पुन्हा असं म्हणालात तर मला वकीलपत्र सोडावं लागेल. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा. पण आपण होऊन पुरावा घरपोच नेऊन देणं हे काही तुमचं काम नाही. वही आहे तिथे राहू दे. आता हेतूकडे या. नुसती कृती पुरत नाही, मनात लबाडी होती हेही त्यांना दाखवावं लागतं. तुमचा फायदा काय झाला? अर्धा पुडा सोडून.

निरीक्षक: फायदा? आता कसं सांगू. पासष्ट पूर्ण झाली आणि रक्तपेढीतल्या मुलीने कॉम्प्युटरवर वय बघितलं. म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही नुसते आशीर्वाद द्या." त्याआधी मला कोणी आजोबा म्हटलं नव्हतं.

वकीलबाई: मग?

निरीक्षक: चौतीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासून शिक्का मारला, मॅडम. निवृत्त झालो तेव्हा तो शिक्का खात्यात जमा करून आलो. मग राहिली एवढीच जागा. दर तीन महिन्यांनी तिथे कोणीतरी माझं वजन करायचं, रक्तदाब बघायचं आणि म्हणायचं, "उत्तम. पुन्हा या." घरी कोण म्हणतंय पुन्हा या? घरातून तर मी जातच नाही कुठे.

वकीलबाई: हं.

निरीक्षक: हे कोर्टात सांगू का?

वकीलबाई: नको.

(दार ढकलून ड्रिलमास्तर आत येतात. एक हात पोटावर दाबलेला, दुसऱ्या हातात कागद.)

मास्तर: दादा, इथे सही कर.

वकीलबाई: थांबा. तुम्ही धाकटे भाऊ ना? म्हणजे या खटल्यातले फिर्यादी. तुम्ही आरोपीच्या वकिलाकडे येऊन बसलात, तर उद्या कोणीही म्हणेल की मी साक्षीदार फोडते.

मास्तर: बसत नाही. बसलं की दुखतं. आणि फिर्यादी मी फक्त नावाला आहे हो. तक्रार सुनेने टाकली, मोबाईलवरून. मी चष्मा शोधतोय तोवर तिने पोचपावतीसुद्धा काढली.

निरीक्षक: बाळ्या, दुखतंय फार?

मास्तर: मुकाट्याने सही कर. तुझ्यामुळेच दुखतंय. वकीलबाई, मला हर्निया आहे. ऑपरेशन तीनदा पुढे गेलं. दवाखान्याचा कॉम्प्युटर म्हणतो, तुम्ही सात वेळा रक्त दिलंय, तुमचा गट बी. माझी नळी म्हणते ओ. मी म्हटलं, मी जन्मात कधी रक्त दिलं नाही. तर त्यांनी समिती नेमली.

वकीलबाई: दुसऱ्या दवाखान्यात जा की.

मास्तर: नाव घातलं की तिथेही तेच सात दिसतात. समिती म्हणते, खऱ्या दात्याने सहीनिशी लिहून दिल्याशिवाय या नोंदी काढता येत नाहीत. आणि नोंदी काढल्याशिवाय मला टेबलावर घेता येत नाही. हा घ्या त्यांचा छापील कागद. "मी खाली सही करणार असे निवेदन करतो की." रिकामी जागा, रिकामी जागा, सही.

वकीलबाई: काका, पेन खाली ठेवा. हा छापील कागद नाही, हा कबुलीजबाब आहे. सरकारी वकिलाकडे आज जे जे नाही ते सगळं या एका सहीत आहे. मी उद्याच अर्ज करते, कोर्टाने दवाखान्याला हुकूम द्यावा म्हणून. तुमच्या सहीवाचूनही होईल.

निरीक्षक: किती दिवसांत?

वकीलबाई: दोन महिने. लवकर झालं तर.

निरीक्षक: बाळ्या, डॉक्टर काय म्हणाले?

मास्तर: काही नाही. नेहमीचंच.

निरीक्षक: काय म्हणाले?

मास्तर: म्हणाले, आतडं अडकलं तर काही तासांत उचलून आणावं लागेल. शिंकू नका म्हणाले. आता हे काय सांगणं झालं? कालपासून नाक नुसतं हुळहुळतंय.

वकीलबाई: काका, माझा सल्ला आहे, सही करू नका. सल्ला दिला हे मी लिहूनही ठेवतेय. केलीत तर... केलीत.

निरीक्षक: तारीख आजचीच घातली. रक्तगटाला जागाच ठेवली नाहीये यांनी, समासात लिहिलाय. आणि "दाता" शब्दापुढे वय विचारलंय, तिथे सदुसष्ट वर्षं चार महिने.

वकीलबाई: छान. उद्याच्या दोन शब्दांचा एकच शब्द झाला.

मास्तर: म्हणजे? दादाला काय होणार?

वकीलबाई: तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वय बघून कदाचित कमी. मी प्रयत्न करीन, पण तुम्ही दोघांनी मिळून माझ्या हातातलं सगळं काढून घेतलंत.

मास्तर: सुनेने मला सांगितलं होतं की समज देऊन सोडतात. वकीलबाई, एक विचारू? ओळख चोरली म्हणजे ज्याची त्याला न कळवता वापरली, असंच ना?

वकीलबाई: साधारण तसंच.

मास्तर: आणि ज्याची आहे त्याला माहीत असेल तर?

निरीक्षक: बाळ्या, तू घरी जा. उभं राहून दुखेल आणखी.

वकीलबाई: तुम्ही गप्प बसा, काका. मास्तर, काय माहीत होतं?

मास्तर: पहिल्या वेळेलाच माझ्या घरी आभाराचं पत्र आलं. सोबत फॉर्मची नक्कल. त्यातल्या फोन नंबरात सातला मधून आडवी रेघ. आमच्या घरात सातला रेघ मारणारा माणूस एकच आहे.

वकीलबाई: मग तेव्हाच का नाही बोललात?

मास्तर: पत्र आधी शेजाऱ्यांनी वाचलं होतं. वाचनालयाच्या मंडळींना सांगितलं त्यांनी. तुम्हाला म्हणून सांगतो, मला सुई बघितली की घेरी येते. शाळेत लस टोचायला आले की मी पोरांना मैदानाच्या पार त्या टोकाला पळवायचो, आणि त्यांच्या पुढे मी. आणि एका पत्राने मी एकदम शूर झालो. सून माझ्याशी नीट बोलायला लागली. वाचनालयाने सत्कार ठेवला. आता सत्काराला नाही कसं म्हणायचं?

वकीलबाई: सत्कार घेतलात?

मास्तर: घेतला. पुढे दवाखान्यात घोळ झाला, तेव्हा सुनेला म्हटलं, माझं रक्तदान वेगळ्या शिबिरातलं, हे सात कोणा भामट्याचे; तिने लगेच तक्रार टाकली. तेव्हा खरं सांगायला गेलो असतो तर हे सगळंच निघालं असतं. म्हटलं, पोलिसांना कुठे सापडतंय.

वकीलबाई: सत्काराला भाषणही केलंत का?

मास्तर: अगदी थोडं. पाचेक मिनिटं.

निरीक्षक: चौदा. मी मागच्या रांगेत होतो.

मास्तर: तू आला होतास?

निरीक्षक: फळ्यावर सूचना होती. छान बोललास. रक्त देताना मनात काय येतं, त्याचं वर्णन तर मला कधी जमलं नसतं.

वकीलबाई: काका, एक मिनिट. भावाला माहीत होतं, हे तुम्हाला माहीत होतं. तीन भेटी झाल्या आपल्या. मिशीचे आठवडे मोजून सांगितलेत, कीचेन मोजून सांगितल्यात. आणि ज्या एका गोष्टीने आरोप ढासळतो ती सांगितली नाहीत?

निरीक्षक: तुम्ही विचारली नाहीत.

वकीलबाई: काका.

निरीक्षक: त्याची सून असणार कोर्टात. शाळेतली माणसं असणार. मला कोण ओळखतंय तिथे? त्याचं मात्र सगळं गेलं असतं.

वकीलबाई: ऐका आता दोघेही. भावाने आपण होऊन कार्ड दिलं, आपलं नाव वापरलं जातंय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तो हरकत न घेता सत्कार घेत राहिला. मग ओळख चोरली हा आरोप टिकत नाही. वय लपवलं, एवढं उरतं. तेवढ्यावर समज देऊन सोडतील, अशी मी खरोखर आशा धरू शकते. पण मास्तर, हे तुम्हाला उघड कोर्टात सांगावं लागेल. सरकारी वकील उलटे प्रश्न विचारतील. पुष्पगुच्छ घेतलात का, भाषण केलंत का, मनात काय आलं ते सांगितलंत का. आणि मी तुमची वकील नाही, तेव्हा मी तुम्हाला सांगा म्हणणार नाही आणि सांगू नका असंही म्हणणार नाही. हवं तर दुसऱ्या वकिलाला विचारून या.

निरीक्षक: काही गरज नाही. मी कबूल म्हणतो, संपवून टाकतो.

मास्तर: तू गप. मला कागद द्या.

वकीलबाई: हा घ्या. तुमच्या हाताने लिहायचं. मी एक शब्द सुचवणार नाही.

मास्तर: दादा लिहील. माझे फॉर्म तोच...

वकीलबाई: हा एक तुम्हीच भरायचा.

मास्तर: बरं. "मी, निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, असे लिहून देतो की." वाचनालयाच्या भिंतीवर फोटो लावलाय माझा. तेही लिहावं लागेल?

वकीलबाई: विचारतील नक्की.

मास्तर: "फोटोसाठी मी कोपराच्या आतल्या बाजूला कापूस ठेवून पट्टी चिकटवली होती. डाव्या हाताला."

निरीक्षक: मी उजव्यातून देतो.

मास्तर: मला काय माहीत? सांगितलं असतंस तर उजव्याला चिकटवली असती.