पुढल्या लागणीचं बेणं

वसमतच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून एक साहेब बसला होता. शेजारी कुरुंद्याच्या बायकांच्या हळद कंपनीच्या अध्यक्ष, आशाबाई.

"आशाताई, तुमच्या सगळ्या सभासदांची माहिती या सॉफ्टवेअरमध्ये राहील. भरायला एकदम सोपं."

"भरलेलं पाहिलं. आता समदी बाहेर काढून दाखवा."

"बाहेर? कशाला?"

"उद्या तुमी फी वाढवली, तर दुसरीकडं न्यायला."

"अहो, घ्यायच्या आधीच सोडायचं बोलताय!"

"काहून बोलू नको? अडकल्यावर बोलू?"

"माहिती आमच्याकडे सुरक्षित असते, ताई."

"साहेब, आमी हळद व्यापाऱ्याला देतो. पुढल्या लागणीचं बेणं घरीच ठेवतो. व्यापारी किती का चांगला असंना."

"बाकी कुठल्या कंपनीनं असं विचारलं नाही."

"कुणी इचारलं न्हाई, म्हणूनच तुमी बाहेर काढायची सोय ठेवली न्हाई."

"ऑफिसला विचारून सांगतो."

"इचारा. काल आलेला साहेबबी हेच म्हणला."

"मग?"

"मंग काय, परभणीच्या गाडीत बसून गेला. तुमचीबी लागली बघा तिकडं."