बोलणं बंद असलेले वगळून

—नको, बोलू नकोस. आपला अबोला आहे, माहितीये मला, आणि मी काही तो मोडत नाहीये. फोन लीनाने केला तुला, माझ्या बायकोने, मी नाही — हे आधी क्लिअर असू दे. मी जे काही बोलेन ते ह्या लॅपटॉपशी बोलतोय, तू शेजारी बसलायस एवढंच. जॅकेट काढ की. नको? बस मग घामाघूम होत, हीटर फुल आहे. चहा ठेवलाय लीनाने. घे, नको घेऊस, तुझी मर्जी.

तर — लॅपटॉपला सांगतोय — पुढच्या रविवारी ह्या नव्या घराची वास्तुशांत. सिडनीहून गुरुजी येतायत, आणि अजून एकही निमंत्रण गेलेलं नाही. का नाही गेलं? कारण आपल्या मंडळाचा डेटाबेस — बांधला कोणी? मी बांधला — आपल्या ह्या गुंगालिन उपनगरातली सगळी मराठी कुटुंबं आहेत त्यात, पोरांच्या ॲलर्जीसकट. त्याला म्हटलं, बाबा रे, बोलवण्यासारखी माणसं दे. उत्तर काय? शून्य! एक माणूस नाही! कादंबरी मागून डोकावली आणि म्हणते, 'डॅड, मेबी इट्स जस्ट बीइंग ऑनेस्ट.' पोटची पोर! आणि लीना म्हणे, विवेकला बोलव, तोही डेटाबेसवालाच आहे, तो शोधेल. म्हटलं, मेलो तरी बोलवणार नाही. तर तिने लावलासुद्धा फोन, आणि तू आलास पण, पाच मिनिटांत. समोरच राहतोस म्हणा.

काय काय बघितलं? सगळं बघितलं! वीस वर्षं ह्यावरच पोट भरतोय. आधी वाटलं गुंगालिनचं स्पेलिंग चुकलं — बरोबर होतं. मग वाटलं, चुकून रिकाम्या डेटाबेसला जोडलंय — छे, एकूण कुटुंबं मोज म्हटलं तर धडाधड मोजून देतोय. मग एकेक अट काढत गेलो. सबर्बची अट काढली — शून्य. वर्गणी भरलेलेच दे, ही काढली — शून्य. आता एकच अट उरलीये. बोट नको दाखवूस, मला दिसतंय. ती अट मी काढत नाही. का म्हणजे? तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप!

बरं, सांगतो. ती अट म्हणजे — बोलणं बंद असलेले वगळून. हसू नकोस, हसणं म्हणजेसुद्धा बोलणंच झालं. अरे, प्रत्येकाची असते अशी यादी. लोक मनात ठेवतात, मी टेबलमध्ये ठेवतो. नाव आणि शेजारी कारण, शिस्तीत. हा बघ यतिन — बार्बेक्यूला नेलेली माझी चटई परत दिली नाही, वर मलाच विचारतो, कुठली चटई? हा गणेश — माझं गाणं चालू असताना हॉलचे दिवे घालवले, म्हणे बुकिंगची वेळ संपली. अंतरा तरी होऊ द्यायचास ना! ही चित्रलेखा — भरल्या ट्रॅममध्ये, एवढ्या मोठ्याने, 'अजून पीआर नाही झाली का हो तुमची?' मिळाली नंतर इथे कायम राहायची परवानगी, पण विचारायची ही पद्धत? खाली कशाला जातोयस? खाली काही नाहीये. विवेक, माऊस सोड. अरे सोड म्हणतो ना —

हो. दिसलं? नावाची जागा रिकामी, आणि कारण — खिचडी. टेस्ट डेटा आहे तो.

बघू नकोस असा. मसालेभात होता तो! गणपतीच्या महाप्रसादाला, अख्ख्या मंडळासाठी, आयुष्यात पहिल्यांदा मी मसालेभात केला. पहाटे उठून तोंडली चिरली. आणि तू ग्रुपवर काय लिहिलंस? 'उल्हासची खिचडी एक नंबर!' काय ते अंगठ्यांवर अंगठे! आणि तुझ्या चारुताने त्याखाली लिहिलं, 'सोबत पापड हवा होता.' स्तुती केली म्हणे! कशाची केलीस? खिचडीत तोंडली घालतं का कोणी? गेल्या गणपतीपासून अबोला, आणि इथे राहायला आल्यापासून मी ह्या खिडकीत उभा राहून तुझी गाडी जाताना बघतोय, आणि साहेबांना हात वर करायला होत नाही. हो, मीही नाही केला. ते सोड.

काय? रिकामी जागा? तिचं काय — अरे देवा. अरे देवा रे! हे तर मी ऑफिसात दर नव्या माणसाला शिकवतो! वगळायच्या यादीत एक जरी नाव कोरं राहिलं की संपलं. कोणालाही समोर उभं करा, डेटाबेस म्हणणार, ती कोरी जागा ह्याचीच असली तर? खात्री नाही, हो बाहेर. पुढचा? त्याचीही खात्री नाही, बाहेर. एका माणसाचं नाव लिहिलं नाही, तर सगळा गाव दाराबाहेर! आणि लिहिलंय कोणी? मी!

का नाही लिहिलं म्हणून विचारतोयस. तोंडाने नाही, भुवयांनी. फोन आला होता मध्येच. नव्हता आला फोन. लिहायला बसलो होतो, पहिलं अक्षर टाइप केलं आणि पुढे हातच चालेना. खोडलं. यतिनचं नाव लिहिताना काही वाटलं नव्हतं बघ. पण तू म्हणजे — आम्ही इथे आलो तेव्हा एअरपोर्टवर तू स्वेटर घेऊन उभा होतास, एक कादंबरीच्या मापाचासुद्धा. आमची तुझी ओळखसुद्धा नव्हती धड. अशा माणसापुढे लिहायचं, वगळा ह्याला? तुझ्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही रे. झालं समाधान? हे मात्र तुला सांगितलं, लॅपटॉपला नाही.

थांब, ती ओळ काढतो. काढली. आता एंटर तू दाब, मी बघत नाही.

आली? आली! लीना, आली गं, सगळी आली! कुलकर्णी, शेवडे, ते मुलांना व्हायोलिनला नेणारे — आणि हे बघ, विवेक आणि चारुता सबनीस. येणारच, यादीतून काढल्यावर. जॅकेट कधी काढलंस? आणि त्या चहावर साय धरलीये, तो नको पिऊस, दुसरा — प्यायलास पण? कमाल आहे!

पण ऐक, ओळ एकच काढलीये. यतिन आहे तसाच राहणार. चटई आणली तर बघू. आणि तू एवढ्यात तोंड उघडू नकोस. ग्रुपवर ज्या दिवशी मसालेभात हा शब्द लिहिशील, त्या दिवशी अबोला सुटला. रविवारी तोच आहे जेवायला, मीच करणार आहे. सकाळी लवकर ये. लवकर म्हणजे — भातात पाणी घालायच्या आधी. जा आता.