मी ऑफ होतो त्या दिवशी

...नाही, मला सांगाच, ‘ऑफ’ म्हणजे काय? दिवा ऑफ म्हणजे बंद. दुकानात वीस टक्के ऑफ म्हणजे स्वस्त. मे सरला की आमच्या किनाऱ्यावर ऑफ सीझन, म्हणजे शुकशुकाट. आणि आमच्यात माणूस ऑफ झाला म्हणजे... कळलं ना? इंग्रजी शब्द, त्याला काय, कुठंही बसतो.

तर तुम्हाला सांगतो, मी रेवसच्या धक्क्यावर लाँचच्या तिकीट खिडकीत असतो. मंगळवारी दाढ काढायला अलिबागला जायचं होतं म्हणून सुट्टी घेतली, आणि आमच्या चिरागने, टाइप करायचा कंटाळा हो त्याला, कामाच्या ग्रुपवर टाकलं, ‘रावजी आज ऑफ.’ बस्स. कोणीतरी ते गावच्या ग्रुपवर ढकललं, कोणी मला फोन लावला तर दवाखान्यात असल्यामुळे फोनही ऑफ, घरी येऊन बघतात तर कुलूप, कारण बायको माझ्याबरोबर... झालं, खात्रीच पटली! इंग्रजी शब्द, कुठंही बसतो.

दुपारी रिक्षातून उतरतो तर अंगणात चाळीस-पन्नास माणसं, भिकू तर तिरडीचे बांबू घेऊन हजर. मला बघून सगळे दोन पावलं मागे. आणि मी काय बोलणार, तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर...

पायरीवर कोण बसलेलं? नामा. माझा धाकटा भाऊ, मुरुडला असतो. बागेच्या कुंपणावरून नऊ वर्षं आमचा अबोला. दोन एसट्या बदलून आलेला, पायात वेगवेगळ्या चपला, डोळे सुजलेले. उठला, माझा हात चाचपून बघितला आणि मग सोडेचना.

मग चहा झाला. शेजारची मृणाल कॉलेजात इंग्रजी शिकवते, ती सांगायला लागली, की ‘रावजीचा भाऊ’ म्हणतो त्यातला ‘चा’ म्हणजे इंग्रजीत ऑव्ह, आणि लांब गेलेला तो ऑफ. पण मुळात दोन्ही एकच शब्द, चारेकशे वर्षांपूर्वी वेगळे झाले. नामा बशीतला चहा फुंकत ऐकत होता.

निघताना मात्र फाटकाशी थांबला. मला वाटलं, आता मिटलं सगळं.

“दादा,” म्हणाला, “कुंपण तूच दोन हात पुढं घेतलंयस. ते मी इसरलेलो न्हाय.”

मी मान हलवली. काय करणार? नऊ वर्षांनी बोलायला लागलाय, तर भांडू दे की.