समोर ठेवलं की खायचं!

…नाही, मी काय म्हणतो, कच्चा मासा खात नाही तर आधी सांगावं की नाही माणसानं? आणि सांगितलं कुठे, तर सुशीच्या काउंटरवर बसल्यावर! गरम रुमालानं हात पुसून झालेत, चहा पुढ्यात आलाय, आणि हा पठ्ठ्या हसत हसत म्हणतो, "काका, मला कच्चा मासा जात नाही." काका! कोणाचा काका? अहो, आमच्या नुमाझू बंदरातली मांजरंसुद्धा सकाळचा बांगडा संध्याकाळी दिला तर तोंड फिरवतात, आणि हा म्हणे आमचा जावई होणार!

आता तुम्ही म्हणाल, इसोगाइ, मग त्याला तिथे नेलंसच कशाला? अहो, नेलं ते 'नाही' म्हणायला! घरी म्हणायची सोय नाही. घरी मी तोंड उघडलं की आमची ही पडद्याआडून खोकते. उएताकेच्या दुकानात कसं, कोपऱ्यातली खुर्ची माझी, उएताके उस्ताद माझा दोस्त, शेजारी हामायाबाई, त्या तर माझ्या लहानपणापासून तिथेच बसल्यात असं वाटतं… म्हटलं, पोराला आपल्या मैदानात घ्यायचं, दोन-चार खडे प्रश्न विचारायचे आणि गोड बोलून गाडीत बसवून द्यायचं. कारण लग्नानंतर आमची पोरगी चिनात्सु म्हणे नागानोला जाणार, डोंगरात, याच्या सफरचंदाच्या बागेत! जी परवापरवापर्यंत न्हाणीघरात गोगलगाय दिसली तर "बाबाऽऽ" करून किंचाळायची, ती! मला नाही चालणार. तुम्हाला सांगतो, ती गेली तर घर खायला उठेल मला.

पण उस्तादाचा कायदा ठाऊक आहे ना? समोर ठेवलं की खायचं! तो सुशी वळून पुढ्यात ठेवतो, आणि तुम्ही जरा गप्पांत रमलात, ती नुसती पडून राहिली, तर असा बघतो, असा बघतो… जसं काही तुम्ही त्याचं तान्हं पोर रस्त्यावर टाकून आलात!

मी घसा साफ केला. म्हटलं, "हं, तोमिओका, तुझं शिक्षण…" टप्! समोर माकूल. खाल्ला. गिळला. पुन्हा सुरू, "तर मी काय विचारत होतो, तुझ्या घरी…" टप्! बांगडा. आता बोला! बांगडा एकवेळ लवकर गिळता येईल हो, पण तो चिवट माकूल? तो तोंडात असताना कोणाला दम देऊन दाखवा बरं! दुसऱ्या बाजूला बसलेली चिनात्सु कोपरानं ढोसतेय, "बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना त्याच्याशी!" अगं, काय बोलू, कपाळ? समोर ठेवलं की खायचं!

आणि तो? त्याचं तोंड रिकामं! मासा खात नाही ना! मग काय, बोलतोय, बोलतोय, बागेबद्दल बोलतोय, बर्फाबद्दल बोलतोय, हामायाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करतोय! मी मनात म्हटलं, थांब, आता उस्ताद तुला हाकलतो की नाही बघ. एकदा एका गिऱ्हाइकानं नुसतं जास्त अत्तर लावलं होतं, तर उस्तादानं त्याला दारातूनच परत पाठवला होता. आणि या पोराला काय केलं? काकडीचा रोल करून दिला! वर अंड्याची वडी! पोरानं खाल्ली, जरा थांबला, म्हणाला, "उस्ताद, यात कोळंबी वाटून घातलीय का?" झालं! म्हातारा असा विरघळला! "अगं, ऐकलंस का," बायकोला आत हाक, "या पोराला कळलं! आणि हा इसोगाइ इतकी वर्षं येतोय, अंड्याला कधी हात लावलाय का?" अरे, म्हणजे मी मासा खातो हा माझा गुन्हा?

हामायाबाई म्हणतात, "मुलगा गुणी आहे हो." तुम्हाला कोणी विचारलं?

शेवटी चिनात्सु सरळ वळून बसली. माझ्यासारखीच हट्टी आहे ती. म्हणाली, "बाबा, हो की नाही ते आत्ता सांगा." उस्ताद म्हणाला, "हं इसोगाइ, पोरीला उत्तर दे." मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, खरंच सांगतो, 'ना' ओठांवर आला होता… टप्! काय ठेवलं असेल? तो लालसर मासा! शुभकार्यातला! लग्नात आख्खाच्या आख्खा मांडतात तो! मी उस्तादाकडे बघतोय, उस्ताद माझ्याकडे बघतोय, पोरगी त्या माशाकडे बघतेय…

समोर ठेवलं की काय करायचं?

खाल्ला. उस्ताद ओरडला, "अभिनंदन! बाप हो म्हणाला!" अहो, मी कुठे म्हणालो? मी नुसता चावत होतो! टाळ्या काय, हामायाबाईंचा हुंदका काय, आणि तो पोरगा कमरेत वाकून "बाबा" म्हणतोय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो झणझणीत वासाबी जास्त झाला होता. …बरं, नव्हता झाला जास्त.

आणि कहर सांगू? तो मासा इतका सुरेख लागला हो, इतका सुरेख, की जिभेवर आलं होतं, उस्ताद, अजून एक दे! पण म्हटलं नको, आपल्याला मुलगी एकच आहे.